सात बँड मिळाले म्हणजे वॉर्डातले इंग्रजी आले, हे खरे नाही

परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या परिचारिकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतूनच झालेले असते, त्यामुळे ब्रिटनला जाणाऱ्या परिचारिकेने इंग्रजीसाठी वेगळे कष्ट घेण्याचे किंवा क्लासवर पैसे उधळण्याचे कारण नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड, म्हणजे सात गुणांची श्रेणी, मिळाली की भाषेचा प्रश्न मिटतो. उरतो तो उच्चारांचा, आणि ब्रिटिश व्हिडिओ ऐकून ते सुधारतात. बाकीचे तिथल्या वॉर्डात महिनाभरात आपोआप येते. आणि शेवटी रुग्णाची सेवा हातांनी होते, बोलण्याने नव्हे. परिचारिकांकडून वॉर्डातल्या इंग्रजीचा सराव करून घेण्याचे काम मी करते. या संदेशावर विसंबून गेलेल्या मुली तिथे पहिल्या काही आठवड्यांत किती एकट्या पडतात हे मी ऐकत आले आहे, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

शिक्षण इंग्रजीतून होते हे विधान अर्धेच खरे आहे. पुस्तके, व्याख्याने आणि परीक्षा इंग्रजीत असतात. परंतु महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात विद्यार्थिनी रुग्णाशी मराठीत किंवा हिंदीत बोलते, नातेवाइकांना सूचना त्याच भाषेत देते आणि ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देते, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवते, तेही मराठीच्या चौकटीत इंग्रजी शब्द बसवून. म्हणजे रोगाचे नाव, औषधाचे नाव आणि शरीररचना ती इंग्रजीत शिकलेली असते, पण वेदना कशी आहे हे विचारणे, घाबरलेल्या मुलाला समजावणे, डॉक्टरांना रात्री उठवणे यांपैकी काहीच तिने इंग्रजीत केलेले नसते. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने हा फरक नेमका ओळखला आहे. इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा म्हणून अभ्यासक्रम दाखवायचा असेल, तर त्याचा किमान निम्मा भाग रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी यांच्याशी प्रत्यक्ष संवादाचा असावा आणि त्या संवादापैकी किमान ७५ टक्के इंग्रजीत झालेला असावा, अशी तिची अट आहे. आपल्याकडच्या बहुतेक परिचारिकांना ही अट पूर्ण करता येत नाही. यात त्यांचे काहीच उणे नाही. मराठी रुग्णाशी मराठीतच बोलले पाहिजे.

सात बँडांचा मुद्दा अधिक काळजीपूर्वक पाहावा लागेल, कारण आयईएलटीएस ही चांगली परीक्षा आहे आणि तिची तयारी वाया जात नाही. कौन्सिल ऐकणे, वाचणे व बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ बँड मागते. मात्र तिथे नोंदणीसाठी जी ॲकॅडेमिक परीक्षा द्यावी लागते, ती विद्यापीठात शिकण्याइतके इंग्रजी येते का हे तपासते: आलेखाचे वर्णन, एखाद्या सामाजिक प्रश्नावर निबंध, लेखांचे आकलन. २०१७ पासून कौन्सिल ओईटी ही दुसरी परीक्षाही स्वीकारते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात, परदेशात शिकलेल्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच ती तयार झाली. तीत परिचारिकेला रुग्णाच्या नोंदी वाचून पत्र लिहावे लागते आणि रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी होणारे दोन संवाद वठवावे लागतात. कामाच्या दृष्टीने ती मला अधिक उपयोगी वाटते. तरीही दोन्ही परीक्षांच्या कक्षेबाहेर राहणारी एक गोष्ट आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत मोठी अडचण तिथेच येते.

ती म्हणजे डॉक्टरांना केलेला फोन. ब्रिटनच्या रुग्णालयांत श्वसनाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि तापमान यांना गुण देऊन रुग्ण खालावतो आहे का हे ठरवतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ मध्ये ही पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. एकूण गुण ५ किंवा अधिक झाले की रुग्णाची तातडीने तपासणी व्हावी लागते. पण कागदावरचा आकडा डॉक्टरांना बोलावून आणत नाही, परिचारिकेला बोलावे लागते, आणि ते ठरावीक क्रमाने: आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे अशी माझी अपेक्षा आहे. एसबार नावाने ओळखला जाणारा हा क्रम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आला. त्यातले पहिले दोन भाग आपल्या मुली सहज सांगतात. तिसऱ्या भागाशी त्या अडखळतात आणि चौथ्याशी पूर्ण थांबतात.

याचे कारण व्याकरण नाही. आपल्या बहुतेक वॉर्डांत परिचारिका रेसिडेंट डॉक्टरांना माहिती देते आणि 'बघता का सर' म्हणून थांबते; रोगाचे निदान सुचवणे किंवा किती वेळात यावे हे सांगणे आगाऊपणाचे मानले जाते. ब्रिटनमध्ये हेच तिने सांगावे अशी अपेक्षा असते, आणि ते न सांगणे म्हणजे जबाबदारी अर्धवट पार पाडणे होय. 'रक्तदाब कमी आहे' एवढेच सांगून ती गप्प राहिली, तर पलीकडचा डॉक्टर 'बरं, लक्ष ठेवा' म्हणून फोन ठेवू शकतो. 'मला या रुग्णाची काळजी वाटते आहे, आपण पंधरा मिनिटांत येऊन पाहावे' हे वाक्य नम्रही आहे आणि ठामही आहे. ते इंग्रजीत, रात्री तीन वाजता, अनोळखी माणसाला सांगता यावे यासाठी ते आधी मोठ्याने पुष्कळदा म्हणून झालेले असावे लागते. कोणताही बँड या तयारीची हमी देत नाही.

उच्चारांविषयीचा सल्ला सर्वाधिक पाळला जातो आणि सर्वाधिक वेळ खातो. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये मँडरिन मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी बोलणे इंग्रजी भाषकांना ऐकवले. श्रोत्यांनी ज्या बोलण्यावर परकी छाप ठळक असल्याचे सांगितले, त्यातलेही बरेचसे त्यांना अचूक उतरवून घेता आले होते. परका उच्चार आणि न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते. शिवाय नक्कल करायची तरी कोणाची? ग्लासगोचा रुग्ण, लिव्हरपूलची वॉर्ड मॅनेजर, फिलिपिन्सची आणि केरळची सहकारी, नायजेरियातून आलेला डॉक्टर हे सारे एका पाळीत भेटू शकतात. परिचारिकेने मेहनत घ्यायची ती औषधांच्या नावांत कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा त्यावर, वाक्याच्या वेगावर आणि आकड्यांवर. फोनवर पंधरा आणि पन्नास यांचे इंग्रजी उच्चार एकमेकांत मिसळतात, म्हणून आकडा सांगताना 'वन फाइव्ह' असे सुटे अंक म्हणावेत आणि पलीकडच्याकडून तो परत म्हणवून घ्यावा. ही सवय रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. ब्रिटिश स्वर काढण्याची धडपड नाही.

बाकीचे आपोआप येते, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. वॉर्डात राहून काही गोष्टी निश्चित येतात: रोजचे अभिवादन, वस्तूंची नावे, शिरेत बसवायच्या ज्या नळीला आपण इंट्राकॅथ म्हणतो तिला तिथे कॅन्युला म्हणतात हे. परंतु चूक झाल्याचे कळले नाही तर ती सुधारण्याची संधीच येत नाही, आणि सहकारी सहसा सौजन्यापोटी भाषा दुरुस्त करत नाहीत. रुग्ण 'आय फील सिक' म्हणाला की आपण 'बरे वाटत नाही' असे समजतो, त्याला मात्र मळमळ होत असते. 'नॉट टू क्लेव्हर टुडे' म्हणणारी वृद्ध बाई आपली प्रकृती ठीक नसल्याचे सांगत असते. उलट आपण 'लूज मोशन' म्हटले की समोरची सिस्टर गोंधळते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे बोलण्याचे प्रसंगच टाळणे. जिला फोनची भीती वाटते ती फोन दुसरीला घ्यायला सांगते, नातेवाइकांशी बोलण्याची वेळ आली की औषधांच्या ट्रॉलीकडे वळते, आणि तिची कार्यक्षमता सर्वांना मान्य असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग वर्षभरानेही तिचे इंग्रजी तेवढेच राहते, कारण ज्या प्रसंगांत ते वाढले असते ते प्रसंग तिने अनुभवलेलेच नसतात.

सेवा हातांनी होते, या वाक्यामागची भावना मी मान देऊन समजून घेते. आपल्या परिचारिकांच्या हातांतले कौशल्य अस्सल आहे. पण त्या देशात रुग्णाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगून त्याची संमती घ्यावी लागते, आणि कौन्सिलच्या २०१५ च्या आचारसंहितेत स्पष्ट व परिणामकारक इंग्रजी संवाद हे परिचारिकेचे व्यावसायिक कर्तव्य म्हणूनच नमूद आहे. लेखी नोंदीचेही तसेच: 'डॉक्टरांना कळवले' एवढे लिहून भागत नाही, कोणाला, किती वाजता, त्यांनी काय सांगितले आणि त्यानंतर काय केले, हे सारे लिहावे लागते.

क्लासवर पैसे उधळू नयेत, हा या संदेशातला सूर मात्र योग्य आहे. व्याकरणाचे तक्ते आणि पाठ करायचे निबंध देणाऱ्या वर्गात जाण्यापेक्षा दोन मैत्रिणींनी रोज आपल्याच वॉर्डातला एक खरा रुग्ण घेऊन, त्याचे नाव न सांगता, एसबारच्या क्रमाने एकमेकींना इंग्रजीत ओव्हर द्यावा. एकीने परिचारिका व्हावे आणि दुसरीने घाईत असलेला, प्रश्न तोडून विचारणारा डॉक्टर. क्लास लावायचाच असेल तर प्रवेशापूर्वी तिथे तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवणाऱ्यांपैकी कोणी त्या देशातल्या वॉर्डात काम केले आहे का, फोनवरच्या संवादाचा सराव होतो का, आणि लिहिलेली नोंद कोणी ओळीओळीने तपासून देते का.