पाटीवरची वाळू

गुहागरला आमचं आगर संपतं तिथे पुळण सुरू होते. पाहुण्यांना त्याचं कोण कौतुक! मला नाही, कारण झाडू माझ्या हातात. मे महिन्यात आमच्याकडे उतरणारा प्रत्येक पर्यटक संध्याकाळी निम्मा किनारा पायाला लावून आणतो. वाळू पडवीत, माजघरात, न्हाणीच्या मोरीत आणि एकदा तर मोदकाच्या उकडीत. (ती कशी गेली हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही.)

शेवटी पाटी लावायचं ठरलं. पुण्याच्या पुतणीने फोनवर इंग्रजी सांगितलं, 'प्लीज लीव्ह सँड आउटसाइड'. पेंटरला ते अर्धवट वाटलं. "काका, शेवटची दोन अक्षरं राहिली होती, मी घातली." सँडचं सँडल झालं. तेव्हापासून पाहुणे चपला पायरीवर इमानाने काढतात आणि वाळूने माखलेले पाय घेऊन आत येतात.

पुतणीने हसून घेतलं आणि वर शिकवणीच लावली. पायातल्या सँडलचा वाळूशी काही संबंध नाही म्हणे, ते ग्रीकांकडून आलं. सँडलवुडमधलं सँडल म्हणजे तर आपलं चंदनच, फिरत फिरत विलायतेला गेलेलं. सँडविचमध्ये मात्र खरोखर वाळू आहे! इंग्लंडात केंटमध्ये त्या नावाचं गाव आहे, ते नाव वाळूवरूनच पडलेलं. त्या गावाच्या नावाची सरदारकी मिरवणाऱ्या जॉन मॉन्टेग्यूमुळे 18व्या शतकात ते पावाला चिकटलं.

"आणि काका, 'द सँड्स आर रनिंग आउट' असंही म्हणतात."

मी उठूनच बसलो. वाळू संपत आली? कुठे? पण ती निघाली वाळूच्या घड्याळातली. त्यांची वाळू संपते तेव्हा आपली घटका भरते. दारात एवढी पुळण असून आपल्या पूर्वजांनी घटिकापात्र पाण्यावर चालवलं. झाडलोट त्यांनाही करावी लागत असणार.

"आता पाटी सँड करून घ्या," पुतणी म्हणाली. मी घमेलं शोधायला निघालो होतो. पण सँड करणं म्हणजे पॉलिशपेपर मारणं, आणि त्या कागदावर हल्ली बहुधा वाळू नसतेच! पेंटरला निरोप धाडला. त्याने जीव ओतून घासलं, खालची अख्खी ओळ साफ केली, उरलेली पाटी खांबाला टांगली आणि तो चिपळूणला लग्नाला गेला.

संध्याकाळी ठाण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन पायरीशी थबकलं होतं. समोर मोठ्या अक्षरांत 'प्लीज लीव्ह'. आत यायचं कुणाला धाडस होईना.

त्या दिवशी पडवी झाडावी लागली नाही.