तुरटी फिरवली म्हणून मैलापाणी पिण्याजोगं होत नाही

माझी आत्या शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठच्या गावात राहते. परवा गेलो तर घागरीशेजारी खिळ्याला दोऱ्यानं बांधलेला तुरटीचा खडा लोंबत होता आणि पाणी उकळायचं पातेलं माळ्यावर गेलं होतं. "व्हॉट्सॲपवर आलंय रे, दहा वेळा तुरटी फिरवली की नाल्याचं पाणीसुद्धा शुद्ध," असं म्हणत तिनं पेला माझ्यापुढं धरला. पाणी काचेसारखं नितळ. तिची सून सातव्या महिन्यात आहे. म्हणून हे लिहितोय, आणि रागानंच लिहितोय.

मेसेजात चार गोष्टी आहेत. वाहतं पाणी दोन कोसांत आपोआप शुद्ध होतं. प्यायला तुरटी पुरे. नाल्यात गूळ-ताकाचं द्रावण ओतलं की मैला जिरतो. आणि म्हणून सांडपाणी प्रकल्प म्हणजे पैशाचा चुराडा.

आधी तुरटी. तिनं गढूळपणा जातो, हे खरं आहे. मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात, काही जंतूही त्यांच्याबरोबर खाली जातात. पण सगळे जात नाहीत, आणि तुरटीनं ते मरत नाहीत.

दिल्लीत 1955-56 साली काय झालं ते बघा. नजफगड नाल्याचं मैलापाणी यमुनेत वझिराबादच्या उपशाच्या जागेपर्यंत आलं. तिथं घरातला खडा नव्हता, अख्खं जलशुद्धीकरण केंद्र होतं. तुरटी वाढवली, क्लोरीनही वाढवला. तरी सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. जिवाणूंनी होणारा विषमज्वर मात्र वाढला नाही. म्हणजे जिवाणू अडले, विषाणू पार झाला. त्या काविळीला आज हिपॅटायटिस ई म्हणतात. शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर बाईला ती झाली तर चार-पाच जणींत एखादी दगावू शकते. दिल्ली लांब वाटत असेल तर 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवा. ती याच नदीकाठची आहे.

गूळ-ताकाचं तर वाचूनच डोकं फिरलं. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात, त्या ओढीचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात तो लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असतो, निव्वळ दुधात लाखाच्या घरात. गूळ आणि ताक म्हणजे जिवाणूंना आणखी खाणं. साखर कारखान्याची मळी नदीत सुटली की मासे तडफडून वर येतात ते कशानं? साखरेचं पाणी कुजताना प्राणवायू संपतो म्हणूनच. तेच आपण बादलीनं करायचं?

वाहत्या पाण्यात नदी थोडं स्वतःला सावरते, इतकं मान्य. पण उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागं पाणी तुंबतं, वर जलपर्णी पसरते. तिथं वाहतं पाणी कुठून आणणार?

राहिले कोल्हापूरचे सांडपाणी प्रकल्प. कसबा बावड्याचा दिवसाला 76 दशलक्ष लिटरचा, दुधाळीचा 17 चा. तिथं औषध टाकून पाणी पांढरं करत नाहीत. नदीत जे जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरतात, त्यांनाच टाकीत खालून हवा देऊन मैला खायला लावतात, मग गाळ बसवून वरचं पाणी सोडतात. शहरातल्या जयंती नाल्याचा बंधारा ओसंडून मैला थेट नदीत जातो, तेव्हा लोक चिडतात ते बरोबरच आहे, मीही चिडतो. पण त्या दिवशी नदी नासते ती मैलापाणी प्रकल्पापर्यंत पोचत नाही म्हणून. उपसा पंप बंद का पडले, ते विचारा.

आत्याला मी एवढंच सांगितलं: तुरटी हवी तर फिरव, पाणी नितळू दे, मग फडक्यानं गाळून खळखळून उकळ आणि त्याच भांड्यात झाकून ठेव. पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं. सुनेनं मी असतानाच माळ्यावरचं पातेलं काढायला सांगितलं. मी ते घासून गॅसवर ठेवलं.