रेन म्हणजे पाऊस नव्हे!

सकाळी घरच्या ग्रुपवर शेजारच्या जपानी बाळाचा फोटो टाकला. लिहिलं, नाव रेन. दोन मिनिटांत आत्याचा मेसेज, "पाऊस? मग छत्री कुठंय?" मागोमाग हसणाऱ्या इमोजींची रांग. एका चुलतभावानं तर 'चिंग चाँग'पण केलं. तोक्योतल्या भर गर्दीच्या लोकलमध्ये डोकं सणकलं माझं.

अहो, जपानीत हे रेन म्हणजे कमळ! आणि हसतंय कोण, तर ज्यांच्या घरात नवरा राजीव आणि मुलगा पंकज!

तोक्योच्या निशी-कासाई भागात इतकी वर्षं राहूनही माझी कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, बोंब आहे. बाळाच्या आजींना नाव विचारलं तर त्यांनी सरळ माझा तळहात ओढला आणि त्यावर बोटानं अक्षर काढलं. वर गवताची खूण, खाली 'जोडणं'. मला कळेना. तर म्हणाल्या, "हासु, हासु." मला वाटलं हस म्हणतायत. मी हसले. त्याही हसल्या. हासु म्हणजे बोलीतलं कमळ, हे घरी येऊन शोधल्यावर कळलं.

इथे एक विमा कंपनी दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढते. २०१८, २०१९ आणि परत २०२१ ला मुलांमध्ये हेच अक्षर पहिलं. का नसावं? एकच अक्षर, तोंडात सहज बसणारं, आणि आत अख्खा चिखल नि त्यातून वर आलेलं फूल. १९५१ साली तोक्योशेजारच्या चिबात ओगा नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना जुन्या गाळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं कमळाचं बी मिळालं. ते रुजलं आणि पुढच्याच वर्षी फुललं! अशा देशात पोराचं नाव कमळ ठेवतात, आणि आपण छत्री शोधतोय.

बरं, मान्य. कमळ म्हटलं की देऊळ नि श्राद्ध आठवतं म्हणून नाकं मुरडणारे इथेही आहेत. शिक्षकांनाही वाचता येणार नाहीत अशी नावं ठेवणारेही आहेत, आणि मे २०२५ पासून तर सरकारदरबारी नावाचा उच्चारही नोंदवतात. पण रेयांश-कियानवाल्यांनी तरी बोलू नये.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं तर मीही त्या दिवशी अर्थ न कळताच हसले होते. फरक एवढाच, की माझा हात आजींच्या हातात होता.

आत्या, रागावू नकोस गं. पण पंकजला त्याच्या नावाचा अर्थ विचार, आणि ते छत्रीचं तेवढं डिलीट कर.