पैसा ‘आपला’ म्हणे!

“क्रिकेटचा पैसा आपण भारतीय कमावतो, मग वाटा आपणच घेणार ना!” हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर मी रिमोट फेकून मारणार आहे.

‘डेथ ऑफ अ जंटलमन’ बघा एकदा. २०१५ चा माहितीपट. दोन पत्रकार कसोटी क्रिकेट मरतंय का, हे शोधायला निघाले आणि पोचले थेट तिजोरीपाशी! २०१४ मध्ये भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाने आयसीसी, म्हणजे क्रिकेटची जागतिक संघटना, वाटून खाल्ली, त्याची गोष्ट. त्याआधी आयसीसीच्या कारभारावरचा २०१२ चा वूल्फ अहवाल ओरडून सांगत होता, कारभारात स्वतंत्र माणसं आणा. काय केलं? बासनात!

आयसीसीच्या कमाईच्या २०२४-२७ च्या वाटपात आपल्या बोर्डाला सुमारे ३८.५ टक्के, इंग्लंडला सातसुद्धा नाहीत. वेस्ट इंडीजने काय, ताटाखालचं मांजर व्हायचं? वनडे वर्ल्ड कपात २००७ ला १६ संघ, २०२३ ला १०. वा रे वर्ल्ड! आणि दोन कसोटींची ‘मालिका’? हळदीकुंकवालासुद्धा लोक जास्त वेळ बसतात.

बोललं की लगेच देशद्रोही! अहो, त्या ३८.५ टक्क्यांतला एक रुपया तरी तुमच्या खात्यात आला का? तिकिटासाठी रात्रभर वेबसाइट रिफ्रेश तुम्हीच करता. स्टेडियमच्या गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात, तीही तुमचीच!