अर्जात न विचारलेले प्रश्न

नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: अर्ज पाठवण्याआधी आपले फेसबुक आणि इन्स्टाग्राम साफ करून घ्या. जुने फोटो काढा, राजकीय वादावादी पुसून टाका आणि लिंक्डइन तेवढे नीटनेटके ठेवा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि व्यवहार म्हणून तो चुकीचाही नाही. परंतु पाहणाऱ्याने काय पाहावे, केव्हा पाहावे आणि पाहिलेल्याचे काय करावे याला काही धरबंध नसला तरी चालेल, सगळी सावधगिरी ज्याला पाहिले जाते त्यानेच बाळगावी, हे आपण त्या सल्ल्याबरोबर निमूटपणे मान्य करून टाकतो. मला ते मान्य नाही. उमेदवाराची समाजमाध्यमे चाळणे हा निवडप्रक्रियेचा भाग असेल, तर तो जाहीर असावा, त्याची लेखी नोंद असावी आणि जे आढळले त्यावर उमेदवाराला बोलण्याची संधी मिळावी. एवढी तयारी नसेल, तर नियोक्त्याने त्या वाटेला जाऊच नये.

ही प्रथा किती रुळली आहे याचा अंदाज यावा म्हणून एकच दाखला देतो. अमेरिकेतील करिअरबिल्डर या नोकरभरतीच्या क्षेत्रातील कंपनीने २०१८ साली केलेल्या पाहणीत ७० टक्के नियोक्त्यांनी आपण उमेदवारांची समाजमाध्यमे तपासतो असे सांगितले होते. जो उमेदवार इंटरनेटवर सापडतच नाही त्याला मुलाखतीला बोलावण्याची शक्यता कमी होते, असे सांगणारेही ४७ टक्के होते. म्हणजे खाते असले तर त्यातील मजकूर नडतो आणि नसले तर त्याचे नसणे नडते. असल्या पाहण्या व्यावसायिक असतात, त्यांचे आकडे काटेकोर मानू नयेत, हे खरे. पण निवड समितीवर बसलेल्या कोणालाही त्यांत फारसे नवल वाटणार नाही.

मुलाखतीत काही प्रश्न विचारायचे नसतात. तुमचा धर्म कोणता, लग्न कधी करणार, मूल होऊ देण्याचा विचार आहे का, घरात कोणाला दीर्घ आजार आहे का, मत कोणाला देता. अनेक देशांत यांतील काही प्रश्न विचारणेच कायद्याने अडचणीचे ठरते, आणि जिथे कायदा गप्प आहे तिथेही किमान सभ्यतेचा संकेत म्हणून ते टाळले जातात. उमेदवाराचे प्रोफाइल उघडले की या सगळ्यांची उत्तरे, एकही प्रश्न न विचारता, दोन मिनिटांत समोर येतात. पाहणारा माणूस दुष्ट असण्याची गरज नसते. तो प्रामाणिकपणे उमेदवाराच्या कामाचे नमुने शोधायला गेलेला असतो आणि परत येताना त्याला ती बाई गरोदर असल्याचे कळलेले असते. आता हे आपल्या निर्णयात येऊ द्यायचे नाही असे त्याने कितीही ठरवले, तरी ते खरोखर आले नाही याची खात्री त्याची त्यालाही देता येत नाही.

अशी प्रकरणे सहसा उजेडात येत नाहीत, कारण नाकारलेल्या उमेदवाराला दोन ओळींचा नम्र मेल येतो आणि तिथे विषय संपतो. एक प्रकरण मात्र कागदोपत्री उलगडले. २००७ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाला आपल्या नव्या वेधशाळेसाठी संचालक हवा होता. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन गॅस्केल हे त्या पदाचे आघाडीचे उमेदवार होते. निवड समितीशी संबंधित मंडळींनी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा बायबल आणि खगोलशास्त्र यांविषयीचे त्यांचे लेखन सापडले. मग आपापसात मेल फिरले, त्यांत गॅस्केल यांच्या धार्मिक मतांची चर्चा झाली आणि पद दुसऱ्याला मिळाले. गॅस्केल न्यायालयात गेले, तेव्हा हेच मेल पुरावा म्हणून पुढे आले. त्यांना केवळ धर्मामुळे डावलले जात आहे, असा इशारा समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच सहकाऱ्यांना दिलेला होता. जानेवारी २०११ मध्ये विद्यापीठाने आपली चूक मान्य न करता १,२५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले. एका वैज्ञानिकाच्या धार्मिक मतांचा त्याच्या कामावर परिणाम होईल का, हा प्रश्न गैर नव्हता असे कोणी म्हणू शकेल, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण तो प्रश्न गॅस्केल यांच्या पाठीमागे मेलमध्ये ठरवून टाकण्याचा नव्हता. शिवाय तो वेधशाळेच्या समितीने निदान लिहून ठेवला होता. एकट्या एचआर अधिकाऱ्याने आपल्या मोबाइलवर पाहून मनाशी केलेल्या निर्णयाचा असा कोणताही माग उरत नाही.

आता कोणी म्हणेल, अन्याय होत असेलही, पण निदान चांगली माणसे तरी निवडली जातात ना? याचा अभ्यास झालेला आहे. चाड व्हॅन इडेकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीच्या शोधात असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची फेसबुक प्रोफाइल भरती करणाऱ्या अनुभवी लोकांना दाखवली, त्यांच्याकडून गुण घेतले आणि पुढे या मुलांच्या वरिष्ठांनी नोकरीत त्यांच्या कामाचे काय मूल्यमापन केले याच्याशी ते ताडून पाहिले. दोहोंत काही संबंध आढळला नाही. कोण नोकरी टिकवेल आणि कोण सोडून जाईल, हेही त्या गुणांवरून सांगता येत नव्हते. कल मात्र एक दिसला: स्त्रियांना आणि गोऱ्या उमेदवारांना जास्त गुण पडत होते. हा एक अभ्यास आहे आणि त्यावर सगळा डोलारा उभा करू नये, पण प्रोफाइल पाहून ‘माणूस कळतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आपल्याकडे याहून बरा पुरावा कोणता आहे ते दाखवावे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे चार हजार नियोक्त्यांकडे बनावट अर्ज पाठवून वेगळ्या बाजूने हाच विषय तपासला. अर्ज सारखेच होते. फरक एवढाच की उमेदवार ख्रिस्ती आहे की मुस्लिम हे फक्त त्याच्या फेसबुक प्रोफाइलवरून कळत होते. देशभराचा एकत्रित हिशेब केला तर ठळक भेद दिसला नाही, पण रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला मुलाखतीसाठी कमी बोलावणी आली. अर्जात धर्माचा रकाना नव्हता, तरी तो भरला गेला.

आणखी एक अडचण अगदी साधी आहे. सापडलेले प्रोफाइल त्याच माणसाचे आहे हे कशावरून? नामसाधर्म्य असते, खोटी खाती असतात, दुसऱ्याने टॅग केलेले फोटो असतात आणि आठ वर्षांपूर्वी मित्रांच्या टोळक्यात केलेली थट्टा संदर्भ तुटून एकटी उभी असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पदवी खोटी निघाली तर उमेदवाराला विचारणा होते. प्रोफाइलवरून मत वाईट झाले तर ती होत नाही.

नियोक्त्यांची बाजू मला पूर्णपणे नाकारायची नाही. लहान मुलांमध्ये काम करणारा शिक्षक जाहीरपणे हिंसेचे समर्थन करत असेल, पोलीस दलात येऊ पाहणारा एखाद्या समाजाविषयी उघड द्वेष पसरवत असेल, तर ते पाहू नये असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तसल्या पदांसाठी काय तपासायचे आणि का तपासायचे हे आधी लिहून ठेवता येते. ज्या पदासाठी असे काहीच लिहिता येत नाही, त्या पदासाठी तपासणीचे कारण बहुतेक वेळा कुतूहल हेच असते.

या कुतूहलाने पूर्वी याहून मोठी मजल मारलेली आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या बोझमन शहराचे प्रशासन २००९ साली नोकरीच्या अर्जदारांकडून त्यांच्या समाजमाध्यमांचे युजरनेम आणि पासवर्डच मागत होते. बोभाटा झाल्यावर ते बंद झाले. मेरीलँड राज्याने २०१२ साली नियोक्त्यांना पासवर्ड मागण्यास मनाई करणारा कायदा केला आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. पासवर्डाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता, कारण त्यात घुसखोरी डोळ्यांना दिसत होती. दिसत नव्हता तो जाहिरातींचा प्रकार. नोकरीची जाहिरात फेसबुकवर ठरावीक वयाच्या किंवा ठरावीक लिंगाच्या लोकांनाच दिसेल अशी सोय होती, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला आपल्याला नाकारले गेले हे कळण्याचाही मार्ग नव्हता. ती जागा निघाली होती हेच त्याला ठाऊक नसे. नागरी हक्क संघटनांनी खटले भरल्यावर २०१९ मध्ये फेसबुकने अमेरिकेत नोकरी, घरे आणि कर्जाच्या जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोड यांनुसार निवड करण्याची सोय काढून घेण्याचे कबूल केले.

नोकरीत रुजू झाल्यावर हा विषय संपत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. वरिष्ठांची फ्रेंड रिक्वेस्ट येते आणि ती नाकारणे अवघड असते. कंपनीच्या पोस्ट आपापल्या खात्यावरून शेअर करा, असा ‘आग्रह’ होतो आणि कोणी केल्या, कोणी नाही, याची यादी कुणीतरी ठेवत असते. स्वतःचे खाते कंपनीच्या प्रचारासाठी हक्काने मागणारी व्यवस्थापने त्याच खात्यावर कर्मचाऱ्याने स्वतःचे मत मांडले की कंपनीच्या प्रतिमेची आठवण करून देतात, ही विसंगती मला नेहमी खटकते.

साध्या लाइकवरूनही नोकऱ्या गेलेल्या आहेत. अमेरिकेतील एका स्पोर्ट्स बारच्या माजी कर्मचाऱ्याने पगारातून कापल्या जाणाऱ्या कराविषयी फेसबुकवर तक्रार केली. तिथल्या एका स्वयंपाक्याने ती लाइक केली, दुसऱ्या एका कर्मचारी स्त्रीने तिच्यावर प्रतिक्रिया लिहिली आणि मालकांनी दोघांनाही काढून टाकले. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०१४ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०१५ मध्ये ही कारवाई बेकायदा ठरवली, कारण कामाच्या अटींविषयी कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी बोलणे हा त्यांचा हक्क आहे. तुर्कस्तानात शिक्षण मंत्रालयाच्या एका सफाई कर्मचारी स्त्रीला इतरांच्या राजकीय पोस्ट लाइक केल्याबद्दल काढले गेले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२१ साली तिच्या बाजूने निकाल दिला. पण सगळे निकाल असेच लागत नाहीत. ऑस्ट्रेलियात एक सरकारी कर्मचारी स्त्री टोपणनावाने सरकारी धोरणावर टीका करणारे ट्वीट करत होती. ती कोण आहे हे उघड झाल्यावर तिला नोकरीवरून काढण्यात आले आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने ते कायम ठेवले. टोपणनाव घेतले म्हणजे सुरक्षित झालो, या समजुतीत असलेल्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

‘सार्वजनिक आहे म्हणजे पाहायला मोकळे’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त ऐकू येतो. युरोपातील माहिती-संरक्षण यंत्रणांच्या संयुक्त गटाने २०१७ मध्ये दिलेल्या अभिप्रायात तो थेट नाकारला आहे. प्रोफाइल सर्वांना दिसते एवढ्यावरून नियोक्त्याला ते वापरण्याचा अधिकार मिळत नाही; पदाशी संबंध असेल तेवढेच पाहावे, तसे पाहिले जाणार असल्याचे उदाहरणार्थ नोकरीच्या जाहिरातीतच सांगावे आणि निवड होणार नाही हे स्पष्ट झाले की गोळा केलेली माहिती नष्ट करावी, असे त्यात म्हटले आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने उलट दिशा धरली: व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेतूनच वगळली आहे. त्यामुळे सार्वजनिक पोस्टच्या बाबतीत उमेदवाराला या कायद्याचा आधार मिळत नाही आणि सगळी भिस्त नियोक्त्याच्या स्वतःच्या शिस्तीवर येऊन पडते.

ती शिस्त अवघड नाही. मुलाखती होऊन गुण दिले जाईपर्यंत कोणीही प्रोफाइल उघडू नये. त्यानंतर गरज असेल तर निवडीत सहभाग नसलेल्या व्यक्तीने, आधी ठरलेल्या मुद्द्यांपुरतेच पाहावे आणि फक्त त्याच मुद्द्यांचा अहवाल समितीपुढे ठेवावा. उमेदवाराचे लग्न, धर्म, आजार यांतले काही समितीपर्यंत पोहोचूच नये. विरोधात काही आढळले तर ते उमेदवाराला दाखवावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. एवढा खटाटोप कोण करणार, असे भरती करणारे विचारतील हे मला ठाऊक आहे. प्रत्येक पदासाठी लेखी कारण, स्वतंत्र माणूस आणि उमेदवाराशी समोरासमोर बोलणे, हे सगळे करायचे ठरले तर बहुतेक पदांच्या बाबतीत ही तपासणी मुळातच सोडून दिली जाईल. तसे झाले तर माझी काही हरकत नाही.