निकालाच्या दिवशी कसं वागावं

आधी एक पथ्य सांगतो. पूर्ण निकाल हाती येईपर्यंत ईव्हीएमबद्दल मत बनवू नका. दहा वाजता यंत्राला शिव्या घातल्या आणि दुपारी आपलाच माणूस आघाडीवर आला, तर संध्याकाळी गुलाल कुठल्या तोंडाला लावणार? जिंकलो तर जनतेचा कौल आणि हरलो तर मशीनचा, एवढं सूत्र पाठ असलं की पुरे.

हे सूत्र कुठल्या एका पक्षाच्या मालकीचं नाही, ती चिंता नको. २००९ च्या पराभवानंतर मतपत्रिका परत आणा म्हणणाऱ्यांत लालकृष्ण अडवाणी होते. पुढे खुर्च्या बदलल्या आणि संशय तेवढा पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. आपल्या महाराष्ट्राने तर हा प्रवास २०२४ च्या एकाच वर्षात उरकला. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा यंत्र गुणाचं होतं आणि महायुतीच्या मते बिचारा मतदार ‘फेक नॅरेटिव्ह’ला भुलला होता. नोव्हेंबरात विधानसभेला महायुती २३० च्या पुढे गेली. मतदार लगेच सुज्ञ झाला, यंत्र मात्र बिघडलं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत तर मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायची तयारी झाली. जमावबंदी लागली, पोलीस आले आणि बेत रद्द झाला. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात तयारी करणाऱ्यांचाच उमेदवार निवडून आला होता. संशय घ्यायचा तर असा, हातचं न राखता!

यंत्र चालतं कसं, हे मात्र चुकूनही समजून घेऊ नका. मतदानाआधी पोलिंग एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल होतं, मत कुणाला गेलं हे छापणाऱ्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते, असल्या माहितीने आवाज खाली येतो. ‘यंत्रावर शंका म्हणजे देशद्रोह’ या गटात असाल, तर विधानसभा क्षेत्रामागे पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या का मोजतात, हे विचारू नका. तिथेही आवाज खाली येतो.

चेहरा कसा ठेवायचा, हे आकड्यांवर अवलंबून नाही. ४ जून २०२४ आठवा. २९३ जागा मिळवून सरकार बनवणारे सुतक पडल्यासारखे बसले होते आणि ९९ वाले फटाके लावत होते. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या भरवशावर शेअर बाजार अडीच हजार अंकांनी उसळला होता, निकालाच्या दिवशी सेन्सेक्स चार हजारांहून जास्त आपटला. आमच्या एका मेव्हण्याने सोमवारी पेढ्यांची ऑर्डर दिली आणि मंगळवारी ते पेढे ‘मुलगा पास झाला’ म्हणून वाटले. मुलगा चौथीत आहे. तुम्हीही असं एखादं कारण हाताशी ठेवा.

हरलात आणि यंत्राला दोष देणं शोभत नसेल, तर मतदार आहेच. अयोध्या ज्यात येते ती फैजाबादची जागा भाजपने गमावली, तेव्हा ‘अयोध्येत जाऊन एक रुपयाची खरेदी करू नका’ असे संदेश फिरले. फुलवाल्याने मत कुणाला दिलं, हे कोण विचारतंय?

निकालाच्या दिवशी टाळायचा विषय एकच, तो म्हणजे मतं आणि जागा यांचं गणित. २०१४ मध्ये ३१ टक्के मतांवर भाजपला २८२ जागा मिळाल्या. बसपला चार टक्क्यांहून जास्त, म्हणजे दोन कोटींच्या वर मतं पडली आणि जागा शून्य. यात कुणी यंत्र हॅक केलेलं नाही, सगळं नियमाने झालंय. म्हणूनच त्यावर भांडायला मजा येत नाही.

आता थोडं नाजूक. मुंबईत मतदान २० मे २०२४ ला, सोमवारी होतं. शनिवार-रविवार जोडून तुम्ही महाबळेश्वरला होतात, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेटस तुम्हीच ठेवलं होतं. मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी गेली, हा विषय लिफ्टमध्ये निघाला तर मजला येईपर्यंत मोबाइल बघा. तरीही लोकशाहीची चाड दाखवायचीच असेल, तर खुशाल दाखवा. फक्त तावातावाने हातवारे करताना डावा हात खिशात असू द्या.