आरगॉनचा आक्षेप आणि समतोलाची दिशा

नमस्कार. वायूंचे मिश्रण दाबले की अभिक्रियेचा समतोल (दोन्ही दिशांचे वेग सारखे झाल्याची स्थिती) कमी रेणूंच्या बाजूला सरकतो, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता की, नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया समतोलात असलेल्या बंद भांड्यात आरगॉन हा निष्क्रिय वायू सोडला तर दाब वाढूनही समतोल हलत नाही, म्हणून ल शातेलिएचे तत्त्व (समतोलात बदल केला की तो बदल कमी होईल अशा दिशेने समतोल सरकतो) शिकवणेच थांबवावे. आपले उदाहरण बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन रेणूंपासून दोन अमोनिया रेणू तयार होतात. म्हणून समतोल ठरतो तो अमोनियाच्या आंशिक दाबाचा (एकूण दाबातील त्या वायूच्या वाट्याचा) वर्ग भागिले नायट्रोजनचा दाब गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन, या गुणोत्तरावरून. आकारमान निम्मे केले की प्रत्येक आंशिक दाब दुप्पट होतो, अंश चौपट आणि छेद सोळापट होतो. गुणोत्तर समतोल स्थिरांकाच्या (त्या तापमानाला समतोलातील त्याच्या ठरलेल्या किमतीच्या) पाव पटीवर घसरते आणि ते पुन्हा भरून येईपर्यंत अमोनिया बनत राहतो. आरगॉनने यांतला एकही आंशिक दाब बदलत नाही, मग समतोल सरकेल कशाला? तोच आरगॉन एकूण दाब स्थिर ठेवून सोडला तर आकारमान वाढते, तिन्ही आंशिक दाब उतरतात आणि अमोनियाचे विघटन होते.

आपल्या बाजूने याहून भक्कम उदाहरण देता येईल. मिश्रणात निम्म्याहून अधिक रेणू नायट्रोजनचे असतील, तर तापमान व दाब स्थिर ठेवून आणखी थोडा नायट्रोजन घातल्यावर अमोनिया वाढण्याऐवजी घटतो! 'जे घालाल ते खर्ची पडेल' हा ढोबळ नियम इथे उघडपणे चुकतो, गुणोत्तर मात्र अचूक उत्तर देते. म्हणून तत्त्व झटपट अंदाजासाठी ठेवावे आणि शंका आली की गुणोत्तर मांडावे, असे माझे ठाम मत आहे.

थंडपणा अमोनियाला अनुकूल असताना कारखान्यांत ४०० ते ४५० अंश सेल्सिअस तापमान का ठेवतात, हा आपला दुसरा प्रश्न. तापमान बदलले की स्थिरांकच बदलतो: २५ अंशांना काही लाखांत असलेला हा आकडा ४०० अंशांना एक सहस्रांशाच्याही खाली जातो, कारण ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. तरीही कमी तापमानाला लोखंडाच्या उत्प्रेरकावरही तिचा वेग फारच मंद असतो, आणि उत्प्रेरक समतोल लवकर गाठून देतो, सरकवत नाही. जास्त तापमानामुळे अमोनियात येणारी तूट साधारण १५० ते २५० वातावरणांचा दाब देऊन, तसेच तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेऊन आणि उरलेले वायू पुन्हा फिरवून भरून काढली जाते.